मनात बसलेला धसका

आम्ही मुंबईच्या उपनगरांतल्या बायका बोलतोय. बोरिवली, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड इथल्या चाळींत आणि वस्त्यांत आमचे बचत गट आहेत. आमच्यातल्या कितीतरी जणींचं माहेर नाहीतर सासर तुमच्याकडेच आहे. कुणाचं साताऱ्याला, कुणाचं रत्नागिरीला, कुणाचं जालन्याला. म्हणून शहरातल्या बाया काही शिकवायला आल्यात असं समजू नका. आमच्यावर जे गुदरलं आणि त्यातून आम्हाला जे उमगलं, तेवढंच सांगायला आलोय.

आजचा विषय आहे धसका. हा शब्द तुम्हाला नवा नाही. 'बिचारीनं धसका घेतला', 'पोरगं धसकलंय', असं आपण सहज म्हणतो. आगीचा, पुराचा, अपघाताचा, मारहाणीचा धसका. शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण त्याच्यावर उपचार असतो हे मात्र आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या गटातल्या एका ताईपासून सुरुवात करतो. नाव सांगणार नाही. तिला विचारूनच हे सांगतोय. ती म्हणाली, "माझी दहा वर्षं गेली, दुसरीची जाऊ नयेत. सांगा."

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, ऑफिसं सुटून लोक घरी निघालेले. पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोडपासून जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोडपर्यंत. सगळे बॉम्ब पहिल्या वर्गाच्या डब्यांत होते. दोनशेच्या आसपास माणसं गेली, शेकडो जखमी झाली. आमची ताई लोअर परळच्या एका ऑफिसात साफसफाईचं काम करून बोरिवलीला घरी चालली होती. जोगेश्वरीला ज्या गाडीत स्फोट झाला, त्याच गाडीत बायकांच्या डब्यात ती उभी होती.

तिला काही लागलं नाही. अंगावर ओरखडा नाही. कुणीतरी हात धरून खाली उतरवलं, रुळांच्या कडेनं चालत ती हायवेला आली आणि रात्री उशिरा घरी पोचली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. देवापुढं दिवा लावला. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुरू होत्या. तिसऱ्या दिवशी ताई कामावर गेली, कारण खाडा झाला की पगार कापला जायचा. त्या आठवड्यात पेपरात, टीव्हीवर सगळीकडे एकच कौतुक चाललं होतं, मुंबई थांबत नाही, मुंबईकर डरत नाहीत. खरंच आहे, गाडी थांबली नाही. पण गाडीत बसलेल्या माणसाचं आत काय झालंय, हे कुणी विचारलं नाही. पोट आहे म्हणून कामावर गेलेल्या बाईला 'धीराची' म्हटलं की तिला रडायलाही जागा राहत नाही.

पहिले दोन-तीन महिने ती रेटून गेली. मग हळूहळू एकेक सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली की ऊर धडधडायचं, हातातलं भांडं पडायचं. रात्री दचकून उठायची, पुन्हा झोप नाही. गाडीत पाऊल टाकलं की घाम फुटायचा, म्हणून बसनं जायला लागली. जायला दोन तास, यायला दोन तास. शेवटी ते काम सोडलं आणि जवळच चार घरची धुणीभांडी धरली. पैसे निम्म्यावर आले. मुलांवर विनाकारण ओरडायची, मग स्वतःच रडायची. दिवाळीत फटाके वाजायला लागले की मोरीत जाऊन कडी लावून बसायची. जुलै महिना जवळ आला की तिचं जेवण तुटायचं. शेजारणी म्हणायच्या, हिच्या अंगात काहीतरी शिरलंय. डॉक्टरकडे गेली तर त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, जास्त विचार करू नका.

ती आम्हाला नंतर म्हणाली, "माणसं मेली, कुणाचे पाय गेले. मला तर काहीच झालं नव्हतं. मग मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की मला त्रास होतोय?"

मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. धसका घेतलेली बरीच माणसं ह्याच एका विचारानं गप्प बसतात.

आता हे होतं कसं, ते पाहू. रानडुकरं येतात म्हणून शेतात मचाण बांधून राखणीला माणूस बसवतात ना? डुक्कर आलं की तो पत्र्याचा डबा बडवतो. आपल्या मेंदूतही असा एक राखणदार आहे. संकट दिसलं की तो डबा बडवतो. मग ऊर जोरात धडधडतं, हातपाय ताठ होतात, तोंड कोरडं पडतं. पळायला किंवा झुंजायला शरीर तयार होतं. संकट टळलं की राखणदारानं शांत व्हायचं असतं. पण संकट फार मोठं असेल, जीवच जाईल असं वाटलं असेल, तर कधी कधी तो शांत होत नाही. एकदा कळप बघितलेला राखणदार मग पान हललं तरी डबा बडवत राहतो. कुकरची शिट्टी हे असंच हललेलं पान. ताईच्या डोक्याला कळत होतं की तो कुकर आहे. शरीराला ते कळायच्या आत डबा वाजून जायचा.

म्हणून 'घाबरू नकोस' म्हणून ही भीती जात नाही. ती बाई भित्री नसते, वेडी नसते, ढोंगी तर नसतेच.

डॉक्टर ह्या आजाराला पीटीएसडी म्हणतात. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून वाचलेले धडधाकट सैनिक थरथर कापायचे, रात्री किंचाळायचे. तेव्हा कितीजणांना भेकड ठरवलं गेलं. पुढे अत्याचार सोसलेल्या बायकांमध्येही तीच लक्षणं डॉक्टरांना दिसू लागली. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी ह्या आजाराला हे नाव दिलं. सैनिकाला होतो, तसा स्वयंपाकघरातल्या बाईलाही होतो.

हा आजार ओळखायच्या चार खुणा सांगतो.

पहिली खूण, झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येणं. नुसती आठवण नव्हे, तर आत्ता, इथंच घडतंय असं वाटणं. स्वप्नात येणं, वासानं किंवा आवाजानं येणं.

दुसरी, टाळणं. ती वाट, ती जागा, तो विषय, ती माणसं टाळत जाणं. असं करता करता आपलं जग आक्रसत जातं.

तिसरी, कायम सावध राहणं. झोप न लागणं, दचकणं, चिडचिड, कामात लक्ष न लागणं.

चौथी, मन विझल्यासारखं होणं. आपलंच चुकलं असं वाटत राहणं, मुलांना जवळ घेतलं तरी आत काहीच न हलणं.

लहान मुलं तोंडानं सांगत नाहीत. मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, आईचा पदर सोडत नाही, खेळताना तीच घटना खेळत बसतं. पुरुष पुष्कळदा रडत नाहीत, ते दारू जवळ करतात किंवा हात उगारतात. म्हातारी माणसं डोकं दुखतंय, पोटात कालवतंय एवढंच सांगतात. तपासात काही निघत नाही.

एक मात्र नीट ऐका. संकटानंतर पहिले काही आठवडे असं होणं साहजिक आहे. घरच्यांचा आधार मिळाला, दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळालं, तर बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. पण महिना उलटून गेला तरी हे कमी होत नसेल, काम-झोप-संसार ह्यांवर परिणाम होत असेल, तर उपचार घ्यायचे. आणि जीव द्यावासा वाटत असेल, तर महिनाच काय, एक दिवसही थांबायचं नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठं आलेत बॉम्बस्फोट? खरं आहे. पण धसक्याला बॉम्बच लागतो असं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अंधेरीच्या साकीनाक्याला दरडीखाली घरं गाडली गेली. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई आणि दासगावलाही दरडी कोसळल्या. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळून सतरा माणसं गेली. आमच्या घाटकोपरच्या मैत्रिणी सांगतात, आता वारा सुटला की पत्र्याच्या नुसत्या आवाजानं जीव घाबरा होतो. आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून झोपलेली गावं. किंवा ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण. अशा गावांतून वाचलेल्या माणसांना पावसाचा नाहीतर रात्रीचा धसका बसला, तर त्यात नवल ते काय?

शिवाय पेपरात न येणारे धसके असतात. धन्याला गळफास घेतलेलं पहिल्यांदा पाहणारी बाई. बाळंतपणात मरणाच्या दारातून परत आलेली. विहिरीतून मूल काढलेली आई. लहानपणी घरातल्याच माणसानं छळलेली मुलगी, जिनं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आणि रोज मार खाणारी बाई. तिच्याबद्दल वेगळं बोलायला हवं. तिचा राखणदार चुकीचा डबा वाजवत नाहीये. तिच्या शेतात डुक्कर खरोखरच आहे. तिला 'मन शांत ठेव' म्हणणं हा अन्याय आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, मग मनाचे उपचार. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' नावाचं केंद्र महापालिका आणि 'सेहत' ह्या संस्थेनं मिळून सुरू केलं. पडले, भाजले असं सांगत दवाखान्यात येणाऱ्या बायकांशी तिथे एकांतात बोलतात, त्यांचं ऐकून घेतात. गावाकडच्या बाईला महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२ आहे.

आता आमच्या ताईकडे परत येऊ. दहा वर्षांनी ती बोलली. मोठी सभा वगैरे काही नव्हती. आम्ही चौघीजणी गटाच्या ऑर्डरचे पापड लाटत बसलो होतो. हात चालू होते, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. कुणीतरी विचारलं, "तू कुकर का लावत नाहीस गं?" आणि तिनं सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी थोडं, चार दिवसांनी आणखी थोडं. पूर्वी बायका जात्यावर बसून ओव्यांतून जिवाचं सांगायच्या, ते काही उगाच नव्हतं. हातात काम आणि शेजारी ऐकणारी असली की तोंड उघडतं.

आम्ही तेव्हा काय केलं? खरं सांगायचं तर आधी चुकलोच. एकीनं म्हटलं, "जाऊ दे, दहा वर्षं झाली, विसर आता." ती लगेच गप्प झाली. मग आमच्यातली एक जाणती होती, ती म्हणाली, "विसरायचं तिच्या हातात असतं तर ती कधीच विसरली असती." त्यानंतर आम्ही फक्त ऐकलं.

पुढे आम्ही तिघी तिला घेऊन महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात गेलो. बाहेर बाकावर बसताना तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. तिथल्या बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला जे होतंय त्याला नाव आहे, आणि ते बरं होतं." ताई म्हणते, अर्धं ओझं तिथंच उतरलं.

उपचार दोन प्रकारचे होते. गोळ्या आणि बोलणं. ह्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. झोपेच्या गोळ्यांचं तसं नाही. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, त्यापासून दूर राहा.

बोलण्याच्या उपचारात समुपदेशक बाईंनी तिच्याकडून हळूहळू, तिच्या कलानं ती संध्याकाळ सांगून घेतली. मग टाळलेल्या गोष्टींच्या पायऱ्या पाडल्या. पहिल्या आठवड्यात फक्त बोरिवली स्टेशनच्या पुलावर जाऊन उभं राहायचं. भीती वर चढते, थांबलं की आपोआप उतरते, हे स्वतः अनुभवायचं. मग फलाटावर बसायचं. मग दुपारच्या रिकाम्या गाडीत चढून एकच स्टेशन, कांदिवलीपर्यंत. आम्ही दोघी बरोबर. पहिल्यांदा तिनं आमचे हात इतके घट्ट धरले की बांगडी पिचकली. तिसऱ्या खेपेला ती खिडकीतून बाहेर बघत होती. पाच-सहा महिन्यांनी ती एकटी अंधेरीला जाऊन आली आणि आमच्यासाठी वडापाव घेऊन आली. त्या वडापावची चव आम्ही विसरणार नाही.

ह्या पायऱ्या तज्ज्ञांना विचारूनच पाडायच्या. घाबरलेल्या माणसाला एकदम विहिरीत ढकललं की पोहायला येतं, तसं इथं चालत नाही.

बरं होण्याची वाट सरळ नसते, हेही सांगायला हवं. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं स्फोट खटल्यात शिक्षा झालेल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. एकोणीस वर्षांनी. त्या दिवशी टीव्हीवर तीच जुनी दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवत होते. ताईची झोप परत उडाली. मग खरं कुणी केलं, हा प्रश्न तिला छळू लागला. ती असंही म्हणाली की जे इतकी वर्षं तुरुंगात राहिले, त्यांच्या घरातल्या बायकांच्या मनाचं काय झालं असेल? आम्ही टीव्ही बंद केला. आठवडाभर आळीपाळीनं रात्री तिच्याकडे झोपायला गेलो. ती पुन्हा त्याच रुग्णालयात जाऊन आली. ह्या वेळी तिला दहा वर्षं लागली नाहीत, महिनाभरात ती सावरली. बरं होणं म्हणजे विसरणं नव्हे. आठवण येते, पण ती आता संसार चालवत नाही.

ऐन वेळी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. ऊर धडधडायला लागलं की दोन्ही पाय जमिनीवर टेका. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मग आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. चूल, कळशी, दोरी, खाट, उंबरा. राखणदाराला कळू द्या की आपण त्या दिवसात नाही, आजच्या दिवसात आहोत. ह्यानं आजार जात नाही, पण तो क्षण निभतो.

आणि तुमच्या गटानं काय करायचं?

कुणी सांगायला लागली तर ऐका, खोदून विचारू नका. घटना ताजी असताना तर मुळीच नाही. त्या वेळी घोटभर पाणी, जेवण, अंथरूण आणि सोबत द्या. 'नशीब समज वाचलीस' असं म्हणू नका.

तिनं सांगितलेलं गटाबाहेर जाऊ देऊ नका. गावात गोष्ट फुटली तर ती पुन्हा कधीच बोलणार नाही.

देवदेवस्कीचं म्हणाल, तर मीठमोहऱ्या ओवाळल्यानं कुणाचं बिघडत नाही. पण अंगात शिरलंय म्हणून बाईला मारणं, चटके देणं, कोंडून ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तिथं गटानं आडवं उभं राहायचं.

तिची तारीख लक्षात ठेवा. ज्या दिवशी तिच्यावर प्रसंग आला, त्या दिवशी दरवर्षी तिच्या घरी एक चक्कर मारा. काही बोलायची गरज नाही. भाजी निवडत बसा.

आणि दवाखान्यात तिला एकटीला पाठवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून असे उपचार मिळणं हा आपला हक्क आहे. आशाताईला विचारा, ती वाट दाखवील.

आता पेन घ्या, नाहीतर पोराला लिहून घ्यायला सांगा. टेलिमानस, नंबर १४४१६. सरकारी सेवा आहे, फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लावा, मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ताईनं तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. ती म्हणते, "अंगावर ओरखडा नाही म्हणून गप्प बसू नका." ती अजून कुकर लावत नाही, डाळ पातेल्यातच शिजवते. वेळ लागतो, पण आता त्याचं तिला काही वाटत नाही. आणि आज हे बोलणं ध्वनिमुद्रित करायला आम्ही निघालो, तेव्हा लोकलच्या डब्यात ती आमच्या शेजारी बसून आली.

काळजी घ्या, एकमेकींची घ्या. नमस्कार.